यंत्राला कुंपण कोण घालणार? डिकन्सची 'हार्ड टाइम्स' आणि पावणेदोनशे वर्षांचं एक भांडण

वर्गात मास्तर एका मुलीला प्रश्न घालतात. समज, एका मोठ्या शहरात दहा लाख माणसं राहतात आणि वर्षभरात त्यातली फक्त पंचवीस रस्त्यावर उपासमारीने मरतात. या प्रमाणाबद्दल तुझं मत काय?

मास्तरांना हवं असलेलं उत्तर उघड आहे. दहा लाखांत पंचवीस म्हणजे काहीच नाही, शहर छान चाललंय! मुलगी मात्र त्या पंचवीस जणांचाच विचार करत बसते. जो उपाशी मेला त्याला, शेजारी किती लोक पोटभर जेवले याचा काय उपयोग, असा तिचा साधा हिशोब. उत्तर अर्थातच चूक ठरतं.

ही मुलगी म्हणजे सिसी जूप, आणि पुस्तक म्हणजे चार्ल्स डिकन्सची 'हार्ड टाइम्स'. साल १८५४. डिकन्स म्हटलं की आपल्याला 'ऑलिव्हर ट्विस्ट', 'डेव्हिड कॉपरफिल्ड' आठवतात. ही त्यामानाने छोटी, कमी वाचली गेलेली कादंबरी. पण इतिहासाचा नाद असणाऱ्या माझ्यासारख्याला तीच सगळ्यात जास्त खिळवून ठेवते. कारण तिच्या पोटात एक खरंखुरं भांडण आहे, कायद्याचं आणि पैशाचं. गिरणीतल्या फिरत्या यंत्राभोवती कुंपण घालायचं की नाही, एवढाच मुद्दा. आपल्याकडे कारखान्यात ज्याला 'गार्ड' किंवा नुसतं 'जाळी' म्हणतात, ते कुंपण. पोस्ट मोठी आहे, पण शेवटपर्यंत वाचा. भांडण आपल्या मुंबईपर्यंत येतं.

आधी पार्श्वभूमी थोडक्यात.

१८५४ चं इंग्लंड म्हणजे जगाचा कारखाना. लँकेशायर परगण्यात गावोगाव कापडाच्या गिरण्या. कामगारांसाठी तिथे रूढ शब्द होता 'हँड्स', म्हणजे हात. मालक माणसं मोजत नसत, हात मोजत. डिकन्सने या शब्दाची कादंबरीत चांगलीच फिरकी घेतली आहे. काही लोकांना हे कामगार नुसते हातच असते, किंवा फार तर हात आणि पोट एवढेच असते, तर जास्त आवडलं असतं, अशा अर्थाचा टोमणा तो मारतो.

प्रेस्टन हे लँकेशायरमधलं असंच एक गिरणगाव. तिथल्या कामगारांची मजुरी मंदीच्या काळात कापली गेली होती. १८५३ मध्ये धंदा सुधारला तेव्हा त्यांनी कापलेले दहा टक्के परत मागितले. मालकांनी एकी करून गिरण्यांना टाळंच लावलं. वीस हजारांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. 'दहा टक्के आणि माघार नाही' ही त्यांची घोषणा. आजूबाजूच्या गावांतले कामगार दर आठवड्याला वर्गणी काढून त्यांची चूल पेटती ठेवत होते.

जानेवारी १८५४ च्या शेवटी डिकन्स स्वतः प्रेस्टनला गेला. परत येऊन त्याने आपल्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या दोन पेनीच्या साप्ताहिकात त्यावर लेख लिहिला, आणि १ एप्रिलपासून त्याच साप्ताहिकात 'हार्ड टाइम्स' दर आठवड्याला येऊ लागली. १२ ऑगस्टला संपली. मे महिन्याच्या सुरुवातीला, कादंबरीचे हप्ते चालू असतानाच, प्रेस्टनचे कामगार हरले आणि जुन्याच मजुरीवर कामाला परतले. म्हणजे आपण जिला आज 'क्लासिक' म्हणून कपाटात ठेवतो, ती त्या वेळी चालू घडामोडींवरची मालिका होती.

डिकन्सला हा विषय परका नव्हता. बाप कर्जापायी तुरुंगात गेला त्याच सुमारास, १८२४ मध्ये, बाराव्या वर्षी, त्याने बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवण्याचं काम केलं होतं. ही गोष्ट त्याने हयातभर वाचकांपासून लपवून ठेवली. ती बाहेर आली त्याच्या मृत्यूनंतर, चरित्रातून.

कादंबरीतलं शहर काल्पनिक आहे, कोकटाउन. लाल विटा धुराने काळवंडलेल्या, नदी रंगाच्या सांडपाण्याने जांभळी. इंजिनाचा दांडा दिवसभर खालीवर होतो, त्याला डिकन्स पिसाट पण खिन्न हत्तीच्या डोक्याची उपमा देतो. या शहराचे दोन आधारस्तंभ. पहिला टॉमस ग्रॅडग्राइंड, शाळा चालवणारा, पुढे खासदार होणारा. याला जगात फक्त तथ्य आणि आकडे मान्य. धाकट्या मुलांची नावं काय ठेवली असतील? एकाचं ॲडम स्मिथ, दुसऱ्याचं माल्थस! दुसरा जोसाया बाउंडरबी, गिरणीमालक आणि बँकर. मी गटारात जन्मलो आणि स्वतःच्या बळावर वर आलो, हे तो दिवसातून दहादा ऐकवतो. (शेवटी त्याची म्हातारी आई समोर येते. पोटाला चिमटा काढून त्याला शिकवलेली, त्यानेच दूर ठेवलेली. गटाराची कथा साफ खोटी निघते.) कुठल्याही कामगाराने काहीही मागितलं तरी बाउंडरबीचं ठरलेलं उत्तर असतं: यांना कासवाचं सूप आणि हरणाचं मटण सोन्याच्या चमच्याने खायचंय!

आता कुंपणाकडे येतो.

त्या काळच्या गिरणीत प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर नसे. एक मोठं वाफेचं इंजिन, त्यावर छताखालून धावणारे लांबलचक लोखंडी शाफ्ट, आणि त्या शाफ्टवरून प्रत्येक मागापर्यंत उतरलेले चामडी पट्टे. शाफ्ट सतत गरगर फिरत. पट्टा निसटला की कोणीतरी शिडीवर चढून तो पुन्हा चढवायचा. सदऱ्याची बाही, झग्याचं टोक, केसांची बट, काहीही अडकलं की माणूस शाफ्टबरोबर गुंडाळला जाई आणि छतावर आपटत राही. इंजिन थांबेपर्यंत सगळं संपलेलं असे.

१८४४ च्या इंग्लिश फॅक्टरी कायद्यात यंत्रं सुरक्षितपणे झाकली पाहिजेत असं कलम होतं. पण सात फुटांच्या वरचे शाफ्ट उंच आहेत, हाताला लागत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कानाडोळा होत असे. १८५४ च्या सुरुवातीला लेनर्ड हॉर्नर आणि इतर फॅक्टरी इन्स्पेक्टरांनी कळवलं की आता तेही झाकायचे. मालकांचं शिष्टमंडळ लगोलग गृहमंत्री पामर्स्टनच्या दारात! उंच शाफ्टना कुंपण नको, त्याऐवजी पट्टे अडकवायला आकडे लावतो, अशी तडजोड पुढे आली.

नेमक्या याच वेळी, २२ एप्रिल १८५४ ला, डिकन्सच्या साप्ताहिकात हेन्री मॉर्ली या त्याच्या सहकाऱ्याचा लेख आला. 'हार्ड टाइम्स' त्याच दिवसांत त्याच पानांवर चालू होती. मॉर्लीने इन्स्पेक्टरांच्या सरकारी अहवालांतले आकडे काढून मांडले. थोड्या वर्षांत शंभरावर जीव गेलेले, हजारावर बोटं तुटलेली, हात-बाह्या उखडलेल्या त्या वेगळ्या. एकेका अपघाताचं वर्णन त्याने इतकं थेट लिहिलंय की आजही वाचताना अंगावर काटा येतो. मला यातली गंमत अशी वाटते, की आकड्यांच्या वेडावर तुटून पडणाऱ्या डिकन्सच्या अंकात सगळ्यात धारदार हत्यार आकडेच होते. त्याचं भांडण आकड्यांशी नव्हतंच. आकडा दाखवून माणूस झाकण्याशी होतं.

आणि इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. कादंबरीचा नायक म्हणावा असा कामगार म्हणजे स्टीफन ब्लॅकपूल, यंत्रमागावरचा विणकर. त्याचं जिच्यावर मन आहे ती रेचेल, तीही गिरणीतच. मूळ हस्तलिखितात आणि छपाईच्या कच्च्या प्रतीत असा प्रसंग होता की रेचेलच्या लहान बहिणीचा हात गिरणीच्या उघड्या यंत्रात तुटला आणि ती पोर गेली. स्टीफन त्यावर संतापून बोलतो. खाली तळटीप देऊन डिकन्सने मॉर्लीच्या लेखाकडे बोट दाखवलं होतं. कादंबरीत तळटीप, तीही बातमीची! पण छापताना त्याने तो सगळा मजकूर काढून टाकला.

याचा परिणाम काय झाला? स्टीफनने रेचेलला 'मी या भांडणात पडणार नाही' असा शब्द दिलेला असतो. त्या शब्दापायी तो युनियनमध्ये जात नाही, सोबती त्याला वाळीत टाकतात, आणि पुढचं सगळं रामायण घडतं. पण असा शब्द द्यायचं कारणच छापील पुस्तकातून गायब. पिढ्यान्‌पिढ्या वाचक बुचकळ्यात पडतात की हा माणूस असा का वागतो. त्या कोड्याचं उत्तर एका लहान मुलीच्या तुटलेल्या हातात होतं, आणि तेच पान निघून गेलं.

तरी कुंपण पुस्तकातून पुरतं गेलं नाही. मालकांच्या तक्रारींवर डिकन्सने एक झकास उतारा लिहिलाय. त्याचा मतितार्थ सांगतो. या गिरणीमालकांइतकी नाजूक काच जगात कुठे नसेल. मुलांना शाळेत पाठवा म्हटलं, हे बुडाले. इन्स्पेक्टर नेमले, हे बुडाले. यंत्रात माणसांचे तुकडे करणं बरोबर आहे का अशी इन्स्पेक्टरांनी शंका काढली, तर हे कायमचे बुडाले. वर धमकी अशी की जास्त छळाल तर आमची मालमत्ता अटलांटिक महासागरात फेकून देऊ. अजून तरी कोणी फेकलेली नाही, उलट ते ती फार जपून ठेवतात, असं डिकन्स गंभीर चेहऱ्याने नोंदवतो.

ओळखीचं वाटतंय ना? आज महासागराऐवजी शेजारचं राज्य असतं, एवढाच फरक. 'नियम कडक केलेत तर उद्योग बाहेर जातील' हे वाक्य मी स्वतः किती भाषणांत ऐकलंय त्याची गणती नाही. कधी ते खरंही असतं, उगाच सरसकट बोलायला नको. पण दरवेळी ते तपासून पाहायला हवं, हे १८५४ शिकवतं.

पुढे काय झालं तेही सांगतो. १८५५ मध्ये मालकांनी मँचेस्टरमध्ये या कुंपणसक्तीविरुद्ध लढायला रीतसर संघटना काढली. नामवंत लेखिका हॅरिएट मार्टिनो त्यांच्या बाजूने उतरली. गुलामगिरीविरुद्ध लिहिणारी, बुद्धिमान, स्वतंत्र वृत्तीची बाई. तिने पुस्तिका लिहून डिकन्स आणि मॉर्ली यांना भडक व बेजबाबदार ठरवलं. तिचा युक्तिवाद असा होता की शाफ्टमुळे होणारे अपघात एकूण कामगारांच्या मानाने अगदी कमी आहेत, बरेचसे कामगारांच्याच निष्काळजीपणातून होतात, सरकारने यात पडू नये. आता वर जाऊन सिसी जूपचा प्रश्न पुन्हा वाचा. दहा लाखांत पंचवीस! कादंबरीतल्या मास्तरांचं गणित वर्षभरात एका खऱ्या विदुषीने छापून दिलं.

आणि जिंकलं कोण? मालक. १८५६ च्या कायद्याने कुंपणाची सक्ती सैल झाली. बायका, मुलं आणि किशोरवयीन कामगारांचा जिथे संबंध येण्याची शक्यता आहे तेवढेच भाग झाकायचे, असं ठरलं. शिडीवर चढून पट्टा चढवणाऱ्या प्रौढ कामगाराने आपलं आपण बघावं.

कादंबरीतला स्टीफन कसा मरतो ते आता पाहा. मालकाने कामावरून काढलेला, बँकेतल्या चोरीचा खोटा आळ आलेला. स्वतःचं नाव धुवायला तो अंधारात माळरानावरून परत येत असतो, आणि गवताने झाकल्या गेलेल्या एका जुन्या, बंद पडलेल्या खाणीच्या तोंडात पडतो. तोंडाला कुंपण नाही. मरताना तो सांगतो की ही खाण चालू होती तेव्हाही माणसं खात होती, आणि आता बंद आहे तरी खातेच आहे. त्या लहान बहिणीचं पान डिकन्सने काढलं खरं, पण मला वाटतं त्याच्या डोक्यातून ते कुंपण गेलंच नाही. यंत्राभोवती नसलेलं कुंपण शेवटी खाणीच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं.

आता थोडं उणंही सांगायला हवं, नाहीतर ही नुसती आरती होईल.

पहिलं उणं, युनियन. प्रेस्टनला कामगारांची सभा शिस्तीत, अध्यक्षाचा शब्द मानून चाललेली डिकन्सने डोळ्यांनी पाहिली होती आणि तसं लेखात प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. कादंबरीत मात्र त्याने स्लॅकब्रिज नावाचा बोंबलभिक्या पुढारी उभा केला आणि एकट्या, सोशिक स्टीफनला देवमाणूस केलं. कामगार वाईट स्थितीत आहेत हे त्याला मान्य, पण त्यांनी एकत्र येऊन स्वतःची ताकद उभी करावी हे त्याच्या मध्यमवर्गीय मनाला झेपलं नाही. बर्नार्ड शॉने पुढे या कादंबरीचं तोंडभर कौतुक केलं, पण स्लॅकब्रिजवर नेमकं बोट ठेवलं. एलिझाबेथ गॅस्केल ही मँचेस्टरमध्ये राहणारी लेखिका. तिची 'नॉर्थ अँड साउथ' ही कादंबरी 'हार्ड टाइम्स'नंतर लगेच, सप्टेंबर १८५४ पासून, त्याच साप्ताहिकात आली. तिच्यातला युनियनवाला निकोलस हिगिन्स बघा. तापट आहे, चुकतो, पण माणूस आहे. ते डिकन्सला जमलं नाही.

दुसरं उणं जास्त खोल आहे. कोकटाउनच्या गिरण्यांत कापूस येतो कुठून आणि कापड जातं कुठे, यावर कादंबरी गप्प आहे. १८५४ मध्ये लँकेशायरचा बहुतेक कापूस अमेरिकेतून येई, गुलामांनी पिकवलेला आणि वेचलेला. आणि तयार कापडाची एक मोठी बाजारपेठ होती हिंदुस्थान, जिथले हातमाग त्या स्वस्त कापडापुढे टिकत नव्हते. म्हणजे कोकटाउनची किंमत मोजणारे हात कोकटाउनच्या वेशीबाहेरही होते. ते डिकन्सला दिसले नाहीत.

पण पुस्तकं लेखकाला दिसलं नाही तिथेही पोचतात. मेकॉलेने, हो, तोच आपला शिक्षणवाला मेकॉले, त्याच वर्षी डायरीत कुरकुर केली की यात समाजवाद भरलाय. उलट जॉन रस्किनने १८६० मध्ये 'अन्टू धिस लास्ट' लिहिताना तळटीप देऊन सांगितलं की सामाजिक प्रश्नांत रस असणाऱ्याने 'हार्ड टाइम्स' बारकाईने अभ्यासावी. डिकन्सची अतिशयोक्ती रस्किनला खटकत होती, तरीही. रस्किनचं हे पुस्तक १९०४ मध्ये जोहान्सबर्ग ते दरबानच्या रेल्वेप्रवासात गांधीजींच्या हाती पडलं. पुढे त्यांनी त्याचं गुजरातीत रूपांतर केलं आणि नाव दिलं 'सर्वोदय'. आपल्याकडे विनोबांमुळे घरोघर पोचलेल्या या शब्दामागच्या वाटेवर एक छोटा टप्पा कोकटाउनचाही आहे.

आणि आता मुंबई.

ज्या १८५४ मध्ये लंडनमध्ये 'हार्ड टाइम्स' छापली जात होती, त्याच १८५४ मध्ये मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली. पुढच्या वर्षांत मुंबईत गिरण्यांवर गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांची यंत्रं बव्हंशी लँकेशायरहून बोटीने आली. तोच शाफ्ट, तेच पट्टे. साचे आले, धूर आला, भोंगा आला. आणि तो 'हँड' शब्दही आला.

कायदा मात्र यायला १८८१ उजाडलं. तोही आला तो मुंबईच्या गिरण्यांशी स्पर्धा नको असलेल्या लँकेशायरच्या मालकांनी रेटा लावल्यामुळे. कालपर्यंत स्वतःच्या कुंपणाविरुद्ध लढणाऱ्यांना आमच्या कामगारांचा अचानक कळवळा! मुंबईच्या मालकांनी आणि आपल्याकडच्या अनेक राष्ट्रीय बाण्याच्या पुढाऱ्यांनी या कायद्याला विरोध केला. युक्तिवाद? आमचा उद्योग बुडेल. त्या कायद्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर बंदी आली, बाराखालच्यांना नऊ तासांची मर्यादा आली, आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याचं कलम आलं. मोठ्या माणसांचे तास मोकळेच राहिले.

मग उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या वतीने फॅक्टरी कमिशनपुढे अर्ज ठेवला. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर हवा होता. आणि आणखी एक मागणी होती. काम करताना इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय. त्यांच्या संघटनेचं नाव होतं 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'.

हँड्स! जो शब्द मालकांनी माणसाला लहान करण्यासाठी वापरला, तोच लोखंड्यांनी पाटीवर लावला. डिकन्सला जे झेपलं नव्हतं, म्हणजे कामगारांनी एकत्र येऊन शहाणपणाने आपली मागणी मांडणं, ते तीस वर्षांनी परळ-भायखळ्याच्या कामगारांनी करून दाखवलं. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. ती आपण सगळे आजही घेतो.

यंत्राच्या कुंपणाचं कलम स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही होतं, कलम २१. कायदा बदलतो, कलमाचा आकडा बदलतो. पण कुठल्यातरी औद्योगिक वसाहतीत, प्रेस मशीनचा गार्ड 'उत्पादन कमी होतं' म्हणून काढून ठेवलेला असतो, आणि आतल्या पानावर दोन ओळींची बातमी येते की कंत्राटी कामगाराची बोटं गेली.

पुढच्या वेळी औद्योगिक अपघातांचं प्रमाण इतक्या टक्क्यांनी घटलं अशी जाहिरात दिसली, तर आनंदच माना. घटलं असेल तर ते चांगलंच आहे. फक्त मास्तरांच्या वर्गात बसलेली ती सर्कशीतली पोर आठवा आणि एक प्रश्न विचारा: उरलेल्यांचं काय, आणि ते कोण?